अण्णांच्या डोक्यातलं पाणी

"यांच्या मेंदूत पाणी साठलंय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि मला हसू आलं.

मोठ्यानं नाही. पण आक्कानं बघितलं. अंबाजोगाईतल्या दवाखान्याची ती अरुंद खोली, कॉम्प्युटरवर वडिलांच्या डोक्याचं सीटी स्कॅन, शेजारी स्टुलावर वडील, आणि त्यांचा हात माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या हातात. मॅडमना वाटलं मला समजलं नाही. त्यांनी पेनाच्या टोकानं चित्रातल्या दोन काळ्या जागा दाखवल्या. फुलपाखरानं पंख पसरावेत तशा. "ही पाण्याची जागा. सगळ्यांना असते. यांची फार मोठी झाली आहे."

समजलं होतं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, चाळीस वर्षं लोकांच्या रानात पाणी शोधत फिरले. पाटोद्याकडच्या आमच्या डोंगरपट्ट्यात बोअर घ्यायचा तर आधी पाणाड्या बोलावतात. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानभर चालतो. जिथं नारळ उभा राहतो, तिथं पाणी. नारळ खरंच पाण्यानं उभा राहतो का, या वादात मी पडत नाही. अण्णाही पडायचे नाहीत. ते म्हणायचे, "नारळ बघायला लोकं येतेत. मी उंबर बघतो, वारूळ बघतो, गवत बघतो."

तर अशा माणसाच्या डोक्यात पाणी. आणि ते दिसलं आक्काला, दोन वर्षं ते रोज माझ्यासमोर असताना मला दिसलं नाही. खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहितो, की दिसलं होतं.

मला हे बोलता येत नाही. घरात कोणाशी बोललो नाही. म्हणून लिहितोय, आणि तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस पाय घासत चालायला लागलं असेल तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणूनही.

मॅडमनी त्या दिवशी जे समजावलं ते मला जसं समजलं तसं सांगतो. आपल्या मेंदूच्या आत पोकळ कप्पे असतात, त्यांना व्हेंट्रिकल म्हणतात. त्या कप्प्यांत रात्रंदिवस एक स्वच्छ, पाण्यासारखा द्रव तयार होत असतो. त्याचं नाव सेरेब्रोस्पायनल फ्लुइड. दिवसाला साधारण अर्धा लिटर. पण कुठल्याही वेळी डोक्यात आणि पाठीच्या कण्यात मिळून तो असतो चहाच्या मोठ्या कपभर. कारण जेवढा तयार होतो तेवढा निघूनही जातो. आतल्या कप्प्यांतून एका बारीक वाटेनं तो खाली उतरतो, मेंदूच्या आणि कण्याच्या बाहेरून फिरतो, आणि वर डोक्याच्या माथ्याशी एका मोठ्या शिरेत झिरपतो. रक्तात मिसळून जातो.

"ढकलतं कोण त्याला?" आक्कानं विचारलं.

"दाब," मॅडम म्हणाल्या. "या पाण्याचा दाब शिरेतल्या दाबापेक्षा थोडा जास्त असतो, म्हणून ते तिकडं जातं. यांच्या बाबतीत तयार होणं चालूच आहे, निचरा मंदावलाय. साठत साठत कप्पे फुगले. पायांना आणि लघवीला हुकूम देणारे मेंदूतले धागे याच कप्प्यांच्या कडेनं जातात. ते ताणले गेले."

आजाराचं नाव नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस. मेंदूत पाणी वाढलेलं, पण सुई घालून मोजलं तर दाब बहुधा ठीकच भरतो. म्हणून हा आजार फसवतो. त्याच्या खुणा तीन. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा जाणं, आणि विसरभोळेपणा. तिन्ही म्हातारपणातही होतात, म्हणून लोक म्हातारपण म्हणून सोडून देतात.

आम्ही नुसतं म्हातारपण म्हणून सोडलं नाही. आम्ही त्याहून वाईट केलं.

अण्णांची चाल कशी होती ते आधी सांगायला हवं. ती चाल मला आजही स्वप्नात ऐकू येते. जाड चपलांचा कर्र कर्र आवाज, आणि पुढं त्यांची पाठ. मला त्यांचं तोंड कमी आणि पाठ जास्त आठवते, कारण ते कायम पुढं असायचे. मी तिशीचा गडी असतानासुद्धा मला त्यांना गाठायला पळावं लागायचं. मागं न बघता म्हणायचे, "अंक्या, बिगीबिगी ये. ऊन काय तुझ्यासाठी थांबतंय व्हय?"

आणि ते बहुतेक ठिकाणी "न्हाई" म्हणायचे. सगळं रान पालथं घालायचे, धोतराला कुसळं चिकटवून यायचे, नारळ पिशवीत टाकायचे आणि मालकाला सांगायचे, "इथं न्हाई पाटील. खड्डा पाडू नका." लोक नाराज व्हायचे. मी बोअरच्या गाडीचं काम धरलेलं, गाडी नेमून देणं माझ्याकडं, त्यामुळं मीही नाराज व्हायचो. मी एकदा म्हटलंही, "अण्णा, द्या की एखादा पॉइंट. लागलं तर लागलं." ते म्हणाले, "न्हाई म्हणायला शिक अंक्या. हो तर कुणीबी म्हणतं."

दोन वर्षांपूर्वी त्यांचा पाय पहिल्यांदा अडला तो डोंगराकडच्या एका रानात. नारळ हातावर होता, चालता चालता ते थांबले. पुढचं पाऊल उचललंच नाही. तळवे जमिनीला खिळल्यासारखे झाले, वरचं अंग पुढं आणि पाय मागं. बांधावरचा एकजण ओरडला, "आरं, जमिनीनं पाय धरले बघ त्यांचे!" तिथं बोअर घेतला आणि पाणी लागलं.

त्या दिवसापासून नारळाचं कौतुक संपलं. "पाय धरणारा पाणाड्या" असं नाव झालं. लोक दुसऱ्या तालुक्यांतून यायला लागले. जिथं अण्णांचे पाय थांबतील तिथं दगड ठेवायचा. थांबायचे तर ते सगळीकडंच. उंबऱ्यात थांबायचे, न्हाणीच्या दारात थांबायचे, वळताना थांबायचे. पण ते घरातलं कोण बघतंय? रानातलं लोक बघत होते. जिथं पाणी लागलं ते लोकांनी लक्षात ठेवलं. जिथं नुसता कोरडा फुफाटा निघाला, तिथं नशिबाला दोष दिला.

अण्णा आता "न्हाई" म्हणेनात. काहीच म्हणेनात. माझं नाव घेणंही कमी झालं. माझ्या बायकोनं, मंदानं, त्यांच्या अंथरुणाखाली प्लॅस्टिकचा कागद घालायला सुरुवात केली. ती म्हणाली, "यांना दाखवा की कुठं. पायाला पाणी धरतं तर अंथरुणाला काय धरतंय मग?" मी तिच्यावर खेकसलो. वय झालंय, असं म्हणालो. त्याच आठवड्यात मी त्यांना आणखी दोन रानांत घेऊन गेलो.

आता तेलगावचं सांगतो. हे सांगण्यासाठीच लिहायला बसलोय.

तेलगावच्या बाजूला काळी जमीन, ऊस, जवळ कॅनॉल. तिथं कुठंही खोदलं तरी पाणी लागायचंच. पण मालकाला पाय धरणारा पाणाड्याच पाहिजे होता. बांधावर पंधरा-वीस माणसं, तीन-चारजणांचे मोबाईल चालू. अण्णा सरीतून चालले, पाय घासत, बारीक बारीक पावलं, जशी जमीन निसरडी आहे. मधोमध थांबले. नारळ पडला. मी जवळ गेलो. त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "पाय उचलंना रे. मला घरी ने."

मी खाली बघितलं. धोतर ओलं झालं होतं.

आमच्याकडं पॉइंट निघाला की पाणाड्याच्या पायांवर तांब्याभर पाणी घालतात, हळद-कुंकू लावतात. मालकाची बायको तांब्या घेऊन उभीच होती. मी तिच्या हातातून तो तांब्या घेतला आणि पायांवर न ओतता अण्णांच्या मांड्यांवरून ओतला, म्हणजे कोणाला काही कळू नये. आणि बांधाकडं तोंड करून ओरडलो, "इथंच हाय! पाय धरले बघा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा माझ्याकडं बघत राहिले.

मी त्यांची लाज झाकली, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. अर्धं खरंही आहे. पण मी त्यांना घरी नेलं नाही. संध्याकाळी शेजारच्या रानात आणखी एक पॉइंट होता, तिथं नेलं.

तो व्हिडिओ फिरत फिरत आक्काच्या मोबाईलवर गेला. आक्का अंबाजोगाईला असते, नवऱ्याची शिलाईची मशीन ती स्वतः चालवते, फार शिकलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती दारात.

"अंकुश, काहून चालवितो रे त्यांना?"

"पाणी बघायला लोक बोलावतेत आक्का. नाही कसं म्हणायचं?"

"तू पाय बघितले. मी तोंड बघितलं. अण्णा भ्यायलेत त्याच्यात. लई भ्यायलेत. तुला दिसंना का न्हाई?"

ती त्यांना त्याच गाडीनं घेऊन निघाली. मीही बरोबर निघालो, कारण तिला एकटीला एसटीच्या पायरीवर त्यांचा पाय उचलता येत नव्हता.

दवाखान्यात मॅडमनी अण्णांना चालायला लावलं, तर ते उभेच राहिले. मग आक्कानं मोबाईल पुढं केला. "हे बघा, असं चालतेत." खोलीत माझा आवाज घुमला, पाय धरले बघा. मॅडमनी व्हिडिओ पहिल्यापासून लावला. पुन्हा तोच आवाज. तिसऱ्यांदा त्यांनी आवाज बंद केला आणि नुसते पाय बघितले. मग स्कॅन लिहून दिलं. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

स्कॅननंतर लगेच ऑपरेशन करत नाहीत. आधी एक तपासणी असते. कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून तो द्रव थोडा काढतात, याला लंबार पंक्चर म्हणतात. काढल्यावर चाल सुधारली, तर समजायचं की नळी बसवून फायदा होईल. कोणी सांगेल की मणक्यात सुई घातली की माणूस लुळा होतो. आम्हालाही सांगितलं. नीट केलेल्या सुईनं तसं होत नाही. डोकं दुखू शकतं, आडवं पडून राहायला सांगतात.

सुईच्या आधी त्यांना व्हरांड्यात दोन खुर्च्यांमध्ये चालवलं. एका खुर्चीला वळसा घालायला अण्णांना अकरा पावलं लागली. मी मोजली. आक्का पलीकडच्या बाकावर पदराचं टोक दातात धरून बसलेली.

मग वाट बघणं. बाटलीत जमा झालेला द्रव मी बघितला. नितळ, कसलाच रंग नाही. डोंगराच्या पोटातून पहिला झरा लागतो तसा. एवढंसं पाणी, एक वाटीसुद्धा भरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच दोन खुर्च्या. अण्णा उठले. पाऊल उचललं गेलं. उचललं गेलं म्हणजे जमिनीपासून वर आलं, खाली मोकळी जागा दिसली. खुर्चीला वळसा पाच पावलांत. परत आले आणि आपल्या पायांकडं बघत उभे राहिले, जसे ते दुसऱ्या कोणाचे आहेत.

"आक्के," ते म्हणाले, "सोडले की गं पाय जमिनीनं."

आक्का रडायला लागली. मी पाण्याची बाटली भरायला म्हणून नळावर गेलो आणि बाटली भरून वाहून गेली तरी तिथंच उभा होतो. दोन वर्षं मी लोकांना सांगत होतो की जमिनीनं त्यांना धरलंय. आणि सोडायला एवढंसं पाणी काढायचं होतं.

ऑपरेशन संभाजीनगरला झालं. तिथल्या सर्जननी शंट दाखवला. एक बारीक नळी. एक टोक मेंदूच्या कप्प्यात, मग कातडीच्या आतून कानामागून, मानेवरून, छातीवरून खाली, दुसरं टोक पोटात. जास्तीचं पाणी पोटात जातं आणि शरीर ते जिरवून टाकतं. मध्ये एक व्हॉल्व्ह, ठरवलेल्या दाबाच्या वर गेलं की उघडणारा. तो दाब बाहेरून, लोहचुंबकाच्या यंत्रानं कमी-जास्त करता येतो. पाणी फार भरभर निघालं तरी धोका असतो, म्हणून हळूहळू जुळवत नेतात. त्या भागाजवळ जोराचं लोहचुंबक न्यायचं नाही. डोकं दुखणं, उलटी, ताप, गुंगी, यातलं काही झालं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. शंटचं कार्ड कायम खिशात. अण्णांच्या बंडीच्या आतल्या खिशात मंदानं शिवूनच टाकलंय.

मी सर्जनना विचारलं, "दोन वर्षं आधी आणलं असतं तर?"

ते फाईल बघत होते. फाईल मिटवली. "चाल येईल. लघवीचंही बरंच सुधारेल. आठवणीचं मी सांगत नाही. ती सगळ्यांत शेवटी सुधारते आणि उशीर झाला की कमी सुधारते." मग म्हणाले, "लोक आणतच नाहीत. तुम्ही आणलंत."

आणलं आक्कानं. हे मी तिथं म्हणालो नाही. इथं म्हणतो.

ऑपरेशनला आता आठ महिने झाले. अण्णा चालतात. अंथरूण कोरडं असतं. जेवताना मंदाला मिठावरून टोमणा मारतात आणि मंदा म्हणते, "नळी बसवली तवाच जीभ पण बदलून घ्यायची होती तुमची." ते हसतात. पण ती दोन वर्षं त्यांच्या डोक्यातून गेलेली आहेत, आणि त्यांच्याबरोबर मागचंही पुष्कळ. मला ते बापू म्हणतात. बापू त्यांचा धाकटा भाऊ, फार वर्षांपूर्वी गेला. पहिले काही दिवस मी सांगायचो, अण्णा, मी अंकुश. ते म्हणायचे, "हां, हां," आणि पुढच्या वाक्याला पुन्हा बापू.

मी त्यांना तेलगावचं सांगितलं. ओट्यावर दोघंच होतो. सगळं सांगितलं, तांब्यासकट. ते नीट ऐकत होते.

"मग? लागलं का पाणी?"

"लागलं."

"मग झालं की."

"अण्णा, तुम्ही घरी ने म्हणाला होतात. मी नेलं नाही."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "बापू, तेलगावला आपण कधी गेलतो?"

तेव्हापासून मी पुन्हा सांगितलं नाही. ज्यानं माफ करायचं त्याला आठवत नाही, आणि ज्याला आठवतं त्याला माफ करायचा हक्क नाही. म्हणून माणसानं वेळेत बोलावं. तुमच्या घरातलं माणूस पाय घासायला लागलं, अंथरूण ओलं करायला लागलं, नावं चुकायला लागलं, तर तिन्ही एकत्र ठेवून डॉक्टरांना सांगा. लाजू नका. चालताना मोबाईलवर त्यांचा व्हिडिओ काढा. आणि तो बघताना पायांबरोबर तोंडही बघा.

बोअरच्या गाडीचं काम मी सोडलंय असं नाही. पण पाणाड्या म्हणून अण्णांना कुठं नेत नाही.

गेल्या आठवड्यात मात्र शेजारच्या वस्तीवरचा भानुदास ऐकेना. "त्यांचा हात लागला की झालं," म्हणत राहिला. अण्णा तोवर चपला घालून अंगणात उभे. नको म्हटलं तरी निघाले. नारळसुद्धा घेतला नाही. सगळं रान फिरले, बांधावरचं उंबर बघितलं, वाकून गवत उपटून वास घेतला. भानुदासची नजर त्यांच्या पायांवर होती, केव्हा थांबतात म्हणून. पाय कुठं थांबलेच नाहीत. मी बांधावर उभा राहिलो, तोंड घट्ट मिटून. त्यांच्या वतीनं मी पुन्हा कधी बोलणार नाही, एवढं एक मी ठरवलेलं आहे.

शेवटी ते भानुदाससमोर आले. कुसळं झटकली.

"न्हाई," म्हणाले. "इथं न्हाई. खड्डा पाडू नको."

भानुदासचं तोंड उतरलं. किती दिवसांनी ऐकला मी तो शब्द! ती दोन वर्षं मी नुसता हो ऐकत होतो, आणि तोही माझ्याच आवाजातला.

अण्णा घराकडं वळले. चपलांचा कर्र कर्र आवाज, आणि पुढं त्यांची पाठ. कानामागं, केस परत उगवलेत तिथं, कातडीखालची ती छोटीशी गाठ उन्हात दिसत होती. मी मुद्दामच मागं राहिलो होतो. त्यांनी मागं न बघता हाक मारली.

"बापू, बिगीबिगी ये. ऊन काय तुझ्यासाठी थांबतंय व्हय?"

"आलो अण्णा," म्हटलं, आणि पळालो.